आवाहन : रूळ बीडपर्यंत आले, परळी अजून बाकी आहे

सर्व बीडकर बंधू-भगिनींना, तसेच पुणे-मुंबई-संभाजीनगरला असलेल्या आपल्या माणसांना सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आहे. सप्टेंबरच्या पावसाने शिवारातलं सोयाबीन कुजवलं, कापूस काळा पाडला. अशा वेळी कुणापुढे हात पसरायला मन धजत नाही. पण बीडच्या रेल्वेसाठी झटणाऱ्या आपल्या समितीच्या खात्यात दिल्लीला दोन माणसं पाठवण्यापुरतेही पैसे उरलेले नाहीत, आणि पुढच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव तिकडे याच दिवसांत सुरू होते. फेब्रुवारीत आकडे जाहीर झाल्यावर निवेदन देऊन काही उपयोग नसतो. म्हणून हे घाईने लिहीत आहे.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली. तो दिवस आपण सगळ्यांनी पाहिला. बायांनी डब्याच्या पायरीला हळदकुंकू लावलं, म्हातारी माणसं रुळाला हात लावून तो कपाळाला नेत होती. मात्र लगेचच वर्गणीला निघालेल्या आपल्या मुलांना बाजारात ऐकायला मिळालं, "आता कसली वर्गणी? आली की रेल्वे!" पावतीपुस्तकं जशी नेली तशी कोरी परत आली. लागलं मनाला. ज्यांच्या दुकानासमोरून आपले मोर्चे गेले आणि ज्यांनी कधी शटर अर्धं ओढून का होईना साथ दिली, त्यांनीही "पुढच्या महिन्यात बघू" म्हणावं, याचं वाईट वाटलं.

मंजूर मार्ग अहिल्यानगर-बीड-परळी वैजनाथ असा २६१ किलोमीटरचा आहे. बीडच्या पुढे वडवणी, तेलगाव, सिरसाळा आणि परळी हा नव्वदेक किलोमीटरचा तुकडा राहिला आहे. तो पूर्ण होईपर्यंत बीड हे शेवटचं स्टेशन. रविवार सोडून दिवसाला एक डेमू (छोटी डिझेल प्रवासी गाडी) येते आणि एक जाते. परळीला रूळ मिळाले की तिथून परभणी-नांदेड, लातूर आणि विकाराबादमार्गे हैदराबाद, सगळं आपल्याला जोडलं जातं. मुंबई-पुण्याकडून हैदराबादकडे जाणारी गाडी तेव्हाच बीडवरून नेता येईल. अर्ध्या रस्त्यावर समाधान मानलं तर बीडची गाडी म्हणजे नगरचा एक फाटा होऊन बसेल, हे समितीचं स्पष्ट मत आहे.

आपल्या जिल्ह्याला डावलण्याची गोष्ट जुनी आहे, आणि नव्या पिढीने ती ऐकलीच पाहिजे. निजामाच्या काळात १९०० च्या सुमारास मनमाडहून गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांची) लाईन निघाली. ती औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादकडे गेली. बीड बाजूला राहिलं. खाली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १८९७ ला कुर्डुवाडीजवळून बार्शीला आली आणि १९११ ला लातूरला पोचली. बीड तिच्याही वाटेत नव्हतं. जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात परळी आणि घाटनांदूर, एवढीच आपली स्टेशनं. जिल्ह्याचं ठिकाण मात्र स्वातंत्र्यानंतरही एस.टी.वर आणि नंतर ट्रॅव्हल्सवर. मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांच्या पिढीने मराठवाड्याच्या ब्रॉडगेजसाठी (रुंद रुळांसाठी) आवाज उठवला. मनमाडला मीटरगेजच्या डब्यातून ब्रॉडगेजच्या डब्यात पोत्यांची चढ-उतर करत बसायला लागू नये, ही साधी मागणी. तीसुद्धा नव्वदच्या दशकात पुरी झाली. बीडकरांनी त्या लढ्यातही आपला वाटा उचलला, स्वतःच्या गावात रूळ नसताना.

आपल्या मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली. तेव्हाचा अंदाज ३५३ कोटींचा होता. आज तोच खर्च ४,८०० कोटींच्या पुढे गेला आहे. दर अर्थसंकल्पात हाती पडणारी चिमूटभर तरतूद आणि रखडलेलं भूसंपादन यांत वर्षं गेली. निम्मा खर्च राज्याने उचलायचं ठरल्यावर काम खऱ्या अर्थाने हललं. बीडचे खासदार राहिलेल्या स्व. केशरकाकू क्षीरसागर आणि स्व. गोपीनाथराव मुंडे यांनी हा प्रश्न दिल्लीत जिवंत ठेवला, त्यांचं ऋण समिती कायम मानते. मार्ग टप्प्याटप्प्याने पुढे सरकला : २०१७ ला नारायणडोह, २३ सप्टेंबर २०२२ ला आष्टी, पुढे अमळनेर आणि आता बीड. प्रत्येक टप्प्यावर कुणी तरी पाठीला लागलेलं होतं, तेव्हा तो टप्पा झाला.

आणि ते पाठीला लागणं फुकट झालेलं नाही. ज्यांनी ते पेललं त्यांचा उल्लेख इथे नाही करायचा तर कुठे? मोंढ्यातल्या हमाल बांधवांनी आपल्या एका दिवसाची हमाली समितीला दिली होती. ती रक्कम त्यांनी सुट्या नाण्यांत आणून टेबलावर ओतली आणि मोजून झाल्याशिवाय चहाही घेतला नाही. पेठेतले आपले नाना, निवृत्त शिक्षक, पेन्शन आली की पोस्टातून थेट कार्यालयात येत आणि पावती फाडायला लावत. आज नाना नाहीत, पण त्यांच्या सूनबाईंनी तो नेम मोडलेला नाही. सुभाष रोडवरच्या एका छापखान्याने आमची पत्रकं उधारीवर छापली, आणि जुनी उधारी विचारली तर मालक म्हणायचे, "गाडी आल्यावर बघू." (गाडी आल्यावर त्यांनी ती माफच करून टाकली.) एस.टी. स्टँडसमोरच्या रसवंतीवाल्या मामांनी उपोषणाच्या मंडपात रोज पाणी पुरवलं. वकील मंडळींनी भूसंपादनाची कागदपत्रं एक पैसा न घेता पाहून दिली. रेल्वेच नव्हती तर रेल रोको कुठे करणार, म्हणून आपण रस्ता अडवला, आणि त्या केसेसच्या तारखांना येणाऱ्या कार्यकर्त्यांचं जेवण एका खानावळवाल्या ताईंनी कित्येक वर्षं सांभाळलं. या सगळ्यांची नावं छापायची नाहीत, ही त्यांचीच अट आहे. बीडमध्ये विचाराल तर कुणीही सांगेल.

आता पैसे कशाला हवेत, ते. पहिलं म्हणजे शिष्टमंडळ. हा मार्ग मध्य रेल्वेच्या झोनचा (विभागाचा), परळी दक्षिण मध्य रेल्वेच्या झोनमध्ये. म्हणजे एकाच मागणीसाठी मुंबईलाही जायचं, सिकंदराबादलाही आणि रेल्वे बोर्डासाठी दिल्लीलाही. दोन झोनच्या मध्ये फाईल अडकते आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, हा मराठवाड्याचा जुना अनुभव आहे. दुसरं, प्रवासी मोजणी. बीड, रायमोहा, अमळनेर इथे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची आपली स्वतःची नोंद हवी. "प्रतिसाद नाही" असं म्हणून गाडी कमी करण्याची वेळ आली तर आपल्याकडे वही असली पाहिजे. गाडीची वेळ नोकरदाराच्या सोयीची नाही, पुण्यापर्यंत थेट गाडी नाही, ही गैरसोय आकड्यांनीच दाखवता येईल. तिसरं, वडवणी-सिरसाळा पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना मोबदल्याच्या कागदांसाठी मदत. शेतकरी अडला की काम अडतं, आणि शेतकऱ्याचं नुकसान करून आलेली रेल्वे आपल्यालाही नको. चौथं, समितीची जुनी निवेदनं. कार्बन कॉपीची ती पानं इतकी पातळ झालीत की घडी उघडताना फाटतात. एका कपाटाला वाळवी लागली आहे. ती स्कॅन करून घ्यायची आहेत.

आत्ता ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आहे. आपल्याच जिल्ह्यातले कोयते (ऊसतोड करणारी जोडपी) मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन, लेकराबाळांसह ट्रक-ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून घाट उतरतील. दिवाळीला पुण्याहून येणाऱ्या मुलाकडून ट्रॅव्हल्सवाला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट भाडं घेईल. बालाघाटचं सीताफळ बाजारात पोचेपर्यंत निम्मं मऊ पडेल. नियमित, थेट गाडी सुरू झाली तर यातलं बरंच टळेल, म्हणून आम्ही कार्यालयाचं कुलूप अजून लावलेलं नाही.

अतिवृष्टीत ज्यांचं नुकसान झालं त्या शेतकरी कुटुंबांकडे कुणी वर्गणी मागू नये, तशी कार्यकर्त्यांना सक्त सूचना आहे. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर-वकील मंडळी आणि बाहेरगावी स्थिरावलेले बीडकर यांनी हा भार घ्यावा. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी महिन्यातला एक दिवस मोजणीसाठी द्यावा. कॉलेजच्या मुला-मुलींची विशेष गरज आहे.

तपशील : उद्दिष्ट सव्वादोन लाख रुपये. रोख दिल्यास छापील क्रमांकाची, शिक्क्याची पावती घ्यावीच. चेक समितीच्या नावे, "रेल्वे निधी" असं मागे लिहून. खाते क्रमांक कार्यालयातल्या फलकावर व पावतीपुस्तकावर आहे, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कुठल्याही क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. आयकर सवलत मिळत नाही. कार्यालय नेहमीच्याच जागी, रोज संध्याकाळी ६ ते ८, लक्ष्मीपूजन व पाडव्याला बंद. मोजणीसाठी नाव देणाऱ्यांची बैठक दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी १० वाजता. वही-पेन समिती देईल, पाण्याची बाटली आणि स्टेशनपर्यंत यायची सोय आपापली. मागील वर्षाचा जमाखर्च कार्यालयात पाहायला ठेवला आहे, कुणीही येऊन तपासावा.

आपला नम्र,
सचिव (समितीच्या वतीने), बीड

ता. क. जुन्या मोर्चांचे फोटो किंवा कात्रणं कुणाच्या घरी असतील तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. कार्यालयात आणून द्या, स्कॅन करून त्याच आठवड्यात परत करू.