पॅथॉलॉजीच्या मॅडमना, आईकडून आणि माझ्याकडून

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईच्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर 'पीडी-एल१ : ६० टक्के' असं छापलं होतं. सगळ्या कागदात तेवढाच आकडा तिला वाचता आला आणि साठ टक्के फुप्फुस गेलं असं धरून ती बसली. सांगणार कोण? हॉस्पिटलात काउंटरवरून फाईल सरकवली, झालं. त्याआधीच्या डॉक्टरांनी तर थुंकीत जंतू सापडले नसताना महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या खायला लावल्या. का, तर बाईमाणूस, विडी-सिगारेट नाही, हिला कुठला कॅन्सर! धूम्रपान न करणाऱ्या बायकांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येच ईजीएफआर जनुकातला बदल जास्त आढळतो आणि त्यावर गोळी आहे, हे त्यांना ठाऊक नसेल असं मी मानत नाही. बघायची तसदी कोण घेणार!

टाटाला दाखवायला म्हणून गाठीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड न्यायला आम्ही नाशकात तुमच्या लॅबमध्ये आलो होतो. तुम्ही बाकावरच्या आईला आत बोलावलंत, स्वतःचं स्टूल दिलंत आणि मायक्रोस्कोपवर तिचीच स्लाइड लावलीत. निळसर पेशी, त्यांच्या कडेने तपकिरी रंग. तो रंग जिथे, तिथे पेशीच्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन आहे. गाठीच्या शंभर पेशींमागे साठांवर ते दिसलं, म्हणून साठ टक्के. आजार किती पसरला हे तो आकडा सांगतच नाही. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाचा, उपयोग होईल का, याचा अंदाज त्यावरून बांधतात. ईजीएफआरची तपासणी वेगळी, जनुकाची. त्यात बदल सापडलाय, म्हणून हा आकडा मोठा असला तरी आधी गोळीच, असंही म्हणालात.

आई म्हणाली, "पानावर करपा आल्यावानी दिसतंय."

तुम्ही ते हसण्यावारी नेलं नाहीत. करपा म्हणजे काय, आधी कोवळ्या पानावर येतो का, फवारणी कधी करता, विचारत राहिलात. निफाडची बाई ती, द्राक्षबागेचा विषय निघाला की थांबते कुठे! बाहेर माणसं खोळंबली होती. इतक्या दवाखान्यांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारायचे ते मला, तिच्यादेखत, ती तिथे नसल्यासारखं.

तुम्ही खोटा धीरही दिला नाहीत. काही काळाने गाठ गोळीला दाद देईनाशी होते, जनुकात पुन्हा नवा बदल होऊ शकतो, तेव्हा परत तपासावं लागेल, हे आईलाच सांगितलंत. तरी त्या रात्री ती पोटभर जेवली. हुशार डॉक्टर आम्हाला पुष्कळ भेटले, मॅडम. पेशंटशी नीट बोलणारं माणूस मात्र लॅबच्या आतल्या खोलीत सापडलं, जिथे पेशंट सहसा जातही नाही.

एक विनंती आहे. त्या आकड्याखाली मराठीत एक ओळ छापता येईल का? 'हा आकडा आजार किती पसरला ते सांगत नाही.' आई म्हणते, अक्षर जरा मोठं ठेवा.

आपली नम्र,
करप्यावाल्या आजींची थोरली