पाळी गेल्यावर आलेला डाग अंगावर काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या मोठ्या जाऊबाईंची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एक दिवस कपड्याला डाग दिसला. कोणाला बोलल्या नाहीत, उष्णता वाढली असेल, जड उचललं असेल, आणि या वयात डॉक्टरांना हे काय सांगायचं, असं करत आठ महिने अंगावर काढलं. मला कळलं तेव्हा फार राग आला, त्यांचा कमी आणि आपण बायका एकमेकींशीसुद्धा हे बोलत नाही याचा जास्त.

सलग 12 महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, त्यानंतर जे रक्त जातं त्याला पाळी परत आली म्हणू नका, लाल असो, तपकिरी असो, एकदाच दिसलेला ठिपका असो, लगेच दाखवा.

मला घाबरवायचं नाहीये. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, हार्मोन कमी झाल्याने आतला भाग पातळ नि कोरडा पडतो आणि तिथून रक्त येतं. कधी पॉलिप (आत वाढलेला छोटा मांसल कोंब) असतो, कधी गर्भपिशवीचं अस्तर जाड झालेलं असतं, कधी हार्मोनच्या गोळ्या किंवा ब्रेस्ट कॅन्सरसाठी चालू असलेली टॅमॉक्सिफेन कारण असते (ती मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला). पण साधारण दहातल्या एकीला पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि ती एक कोण हे नुसत्या डागावरून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. वजन जास्त असेल, शुगर असेल, मूल झालेलं नसेल तर धोका वाढतो, पण यातलं काहीच नसलं तरी तपासायचंच.

तपासणीची भीती मात्र उगाच आहे. डॉक्टर आधी आतून बघतात, रक्त नक्की कुठून येतंय ते, कारण कधी ते लघवीतून किंवा मूळव्याधीचंही असतं. मग आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात, 4 मिलिमीटर किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता खूपच कमी, जास्त असेल तर बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेऊन बायोप्सीला पाठवतात, बऱ्याचदा ओपीडीतच, भूल न देता, थोडं पोटात दुखतं एवढंच. गरज पडली तर दुर्बिणीतून बघतात. आणि पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणून निवांत बसू नका, ती टेस्ट पिशवीच्या तोंडाची, आतल्या अस्तराची नाही. रिपोर्ट चांगला येऊनही परत डाग दिसला तर परत जायचं.

जाऊबाईंचं अस्तर 11 मिलिमीटर निघालं, बायोप्सीत कॅन्सर. पिशवीबाहेर पसरला नव्हता म्हणून ऑपरेशनवर भागलं. त्या अजून म्हणतात, तपासायला दहा मिनिटं लागली गं, आणि मी आठ महिने घालवले.

तुमच्या महिला पुरवणीत पाळी सुरू होण्यावर पुष्कळ येतं, पाळी गेल्यानंतरच्या बाईसाठीही जागा द्या, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक