चारशे पंच्याऐंशीची लाईन ओढायला पोरांना कोण शिकवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत पॅनल वायरिंगची कामं करतो, १८ वर्षं झाली. कारखाने स्मार्ट होतायत, मालकाला घरबसल्या मोबाईलवर विजेचे युनिट दिसतात अशा बातम्या पेपरात नेहमी येतात, आनंदच आहे, पण ते युनिट मोबाईलवर यायच्या आधी शेडमधे बहुतेक वेळा दोन बारीक वायरींवरून येतात आणि त्या वायरींबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून हे पत्र.

आमच्याकडे त्या लाईनला चारशे पंच्याऐंशी म्हणतात, म्हणजे आरएस-४८५, मीटरचे आकडे दोन वायरींवरून पाठवायची पद्धत. स्टँडर्ड १९८३ चं, आणि तिच्यावर जी भाषा चालते ती मॉडबस त्याहून जुनी, १९७९ ची. तरी आजसुद्धा एनर्जी मीटर घ्या, टेंपरेचर कंट्रोलर घ्या, मोटरचा स्पीड सांभाळणारा ड्राइव्ह घ्या, मागे हे दोन टर्मिनल बऱ्याचदा असतात. काम शाळेतल्या हजेरीसारखं चालतं, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) किंवा कॉम्प्युटर एकेक नंबर पुकारतो आणि ज्याचा नंबर तोच उत्तर देतो. नवीन मीटर बऱ्याचदा १ नंबर लावूनच येतो, तो न बदलता दोन मीटर जोडले की दोघं एकदम बोलतात आणि कोणाचंच कळत नाही. त्यात त्या दोन टर्मिनलची ए आणि बी ही नावं, एका कंपनीचा ए तो दुसऱ्या कंपनीचा बी निघतो, त्यामुळे टर्मिनलवरचं अक्षर बघून डोळे झाकून जोडता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका कारखान्यात बोलावलं होतं. १४ एनर्जी मीटर, एकच शेड, केबलची लांबी असेल ९० मीटरच्या आसपास, आणि आरएस-४८५ तर कमी स्पीडला १२०० मीटरपर्यंत जाते म्हणजे अंतराचा प्रश्नच नव्हता. दिवसा सगळं ठीक आणि रात्री मोठा ब्लोअर सुरू झाला की शेवटचे पाच-सहा मीटर स्क्रीनवरून गायब. दोन मीटर बदलून झाले होते, लाईन कॉम्प्युटरला जोडणारा कन्व्हर्टर पण नवीन आणला होता, पैसे गेले ते गेलेच. मी सगळ्याची सप्लाय बंद केली आणि कन्व्हर्टरच्या टोकाला ए-बी मधे मल्टीमीटर लावला. लाईनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही मिळून ६० च्या जवळ दिसायला पाहिजे, मला दिसले १०. एकेक मीटर उघडत गेलो तर चौदाच्या चौदा मीटरवर १२० ओहमचा रेझिस्टर बसवलेला! एवढ्या ओझ्याखाली सिग्नल अगदी मरतुकडा होतो, आणि वर ती केबल साधी, बिनपिळाची, ब्लोअरच्या ड्राइव्हच्या केबलला खेटून एकाच ट्रेमधे. दिवसा कसंबसं चालायचं, ब्लोअर लागला की संपलं.

ज्या पोरानं ते काम केलं होतं त्याला मी भेटलो, हुशार आहे, हात साफ आहे, वायरींच्या टोकांना फेरुल टापटीप मारलेले. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की एकशे वीसचा टाकावा लागतो, एवढंच. फक्त दोन टोकांना का, मधे का नाही, हे सांगायला कोणी नव्हतं. त्याला मी दोष देणार नाही, मी स्वतः वायरमन ट्रेड करून बाहेर पडलो तेव्हा मला तर एवढंही माहिती नव्हतं.

मधले तेरा काढले, शेवटच्या मीटरचा ठेवला, एक कन्व्हर्टरला लावला. पिळाची शील्डवाली (वर धातूचं आवरण असलेली) केबल वेगळ्या मार्गाने नेली, एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी ओळीने, मधे कुठे फाटे नाहीत, आणि शील्ड अर्थिंगला फक्त पॅनलच्या बाजूला. पीळ एवढ्यासाठी की बाहेरचा नॉइज, म्हणजे दुसऱ्या केबलींमुळे होणारा विजेचा त्रास, आला तरी दोन्ही वायरींवर सारखाच येतो, आणि मीटर तर दोन्हीतला फरकच वाचतो, त्यामुळे सारखं आलेलं आपोआप बाद होतं. परत मोजलं, ६१ ओहम. त्या रात्री ब्लोअर चालू असताना मी दोन तास थांबलो, एकही मीटर पडला नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक आयटीआयमधे एका टेबलावर चार मीटर, एक कन्व्हर्टर आणि शंभर मीटर केबल ठेवा आणि पोरांना स्वतःच्या हाताने लाईन जोडू द्या, मुद्दाम चूक करून ती शोधू द्या. रेझिस्टर एक-दोन रुपयाचा असतो हो, दोन मीटर उगाच बदलायला लागतात त्याचा हिशोब मालकांनीच करावा. आणि मालकांनी कामाचं बिल पास करताना ठेकेदाराकडून एक कागद मागावा, कोणत्या मीटरनंतर कोणता, कोणाला कोणता नंबर, स्पीड किती, सप्लाय बंद असताना ए-बी मधे ओहम किती. तो कागद पॅनलच्या दाराला आतून चिकटवायचा. त्या शेडमधे मी तसा चिकटवून आलोय आणि त्यावर खाली सही त्या पोराला करायला लावली.

आपला,
एक पॅनल वायरमन, अंबड, नाशिक