तळव्यावरचा ठिपका : एका मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडमना पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

बाबांचं शेवटचं इंजेक्शन होऊन काल महिना झाला. परवा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाच्या झडपेवरचा जंतूंचा तो गुच्छ आक्रसून आता जुन्या व्रणाएवढा उरलाय, आणि झडप आधी गळत होती तेवढीच गळतेय, जास्त नाही. रिपोर्ट हातात आल्यावर पहिली आठवण तुमची झाली. डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही लॅबमध्ये कामात होतात. मी निरोप ठेवला, पण नीट आभार मानायचे राहूनच गेले.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण पेशंटच्या माणसांना लॅबमध्ये जंतू शोधणारे तुम्ही लोक दिसतच नाही. आम्हाला राऊंडचे डॉक्टर दिसतात, सिस्टर दिसतात, वॉर्डातले मामा-मावशी दिसतात. रिपोर्टच्या तळाशी एक सही असते, ती कुणाची हे आम्ही वाचत नाही. मीही वाचत नव्हते.

साखर पाचशेच्या वर गेली म्हणून बाबांना भरती केलं होतं. चार दिवस सलाईन आणि इन्शुलिन चाललं, साखर आटोक्यात आली, डाव्या हातातली सुई निघाली. सातव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं होतं. सहाव्या दिवशी संध्याकाळी बाबांना हुडहुडी भरली. दोन ब्लँकेटं घातली तरी दात वाजत होते, पलंगाची दांडी खडखडत होती. मग ताप चढला, आणि त्यांनी मला दोनदा विचारलं, ‘आपण कुठल्या स्टेशनावर उतरलोय?’ श्वास मिनिटाला २८, वरचं बीपी ९४. पुढे तुम्ही मला समजावलंत, की श्वास वाढणं, बीपी उतरणं आणि माणूस बरळायला लागणं या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो नुसता ताप धरायचा नसतो. संसर्गाला शरीराने दिलेलं उत्तरच बिघडून अवयवांवर उलटायला लागलेलं असतं. त्याला सेप्सिस म्हणतात.

त्या वेळी मला एकच कळत होतं : औषध लवकर द्या. आणि ती निवासी डॉक्टर हातात रक्तातले जंतू वाढवून बघायच्या चार बाटल्या घेऊन उभी. उजव्या दंडाला पट्टा बांधला, कातडी पुसली, पुसल्यावर ती वाळेपर्यंत थांबली, मग रक्त घेतलं. पुन्हा तेच डाव्या हाताला. प्रत्येक बाटलीत जवळजवळ दहा मिलिलिटर. मी तिच्यावर ओरडले. ‘माणूस थरथरतोय आणि तुम्ही एवढं रक्त काय काढताय?’ ती शांतपणे म्हणाली, ‘ताई, मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात कधी कधी जंतू एखादाच असतो. कमी घेतलं तर तो निसटतो. औषध भरून तयार आहे, हे झालं की लगेच देते.’ आणि खरोखरच शेवटची बाटली भरल्यावर दुसऱ्या मिनिटाला सिस्टरने अँटिबायोटिक लावलं. औषध आधी गेलं असतं तर बाटल्यांत कदाचित काहीच उगवलं नसतं, आणि आम्ही पुढचे सहा आठवडे अंधारात काढले असते. त्या मुलीला मी तेव्हा सॉरीसुद्धा म्हटलं नाही. तिला शिकवणाऱ्यांत तुम्ही आहात असं नंतर कळलं. तिलाही हे पत्र दाखवा.

सकाळी आठच्या सुमारास तुम्ही वॉर्डात आलात. आम्हाला वाटलं, कुणीतरी नवीन डॉक्टर. तुम्ही ओळख करून दिलीत, ‘मी लॅबमधून आलेय. काकांच्या रक्तात जंतू दिसलेत.’ तेरा तासांच्या आत चारही बाटल्यांचा मशीनने इशारा दिला होता. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राम पॉझिटिव्ह, म्हणजे ग्रामच्या रंगाने जांभळे दिसणारे गोल जंतू, घोसाघोसांनी. असेच दिसणारे, पण सहसा निरुपद्रवी असलेले जंतू प्रत्येकाच्या कातडीवर असतात आणि रक्त घेताना बाटलीत शिरू शकतात, हे तुम्ही आमच्यापासून लपवून ठेवलं नाहीत. एकाच बाटलीत आणि तीन दिवसांनी उगवला असता तर तुम्हीही तसंच धरलं असतं. पण दोन्ही हातांच्या चारही बाटल्या, आणि इतक्या लवकर! म्हणून पुढच्या चाचणीची वाट न बघता तुम्ही स्वतः जिना चढून आलात.

फाईल उघडायच्या आधी तुम्ही विचारलंत, ‘काका, काढलेली सुई कुठे होती?’

ती जागा दोन दिवसांपासून लाल होती. मी एकदा सांगितलंही होतं. सुई काढल्यावर असं होतंच, शेकून घ्या, असं उत्तर मिळालं आणि मीही गप्प बसले. तुम्ही कोपराखालच्या त्या शिरेवरून अंगठा हळूहळू फिरवलात. शीर सुतळीसारखी कडक झाली होती. सुईच्या छिद्राशी दाबल्यावर पिवळट पू आला, साबुदाण्याच्या दाण्यापेक्षाही लहान थेंब. तो तुम्ही कापसाच्या काडीवर घेतलात. कुणाला बोल लावला नाहीत. फाईलमध्ये तारीख, वेळ, जागा लिहिलीत आणि सिस्टरना सांगितलंत, वॉर्डातल्या सगळ्यांच्या सुया आज बघून घ्या, गरज नसलेली एकही ठेवू नका. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांच्या हातातली बिनकामाची सुई त्याच सकाळी निघाली.

दुपारपर्यंत नाव कळलं : स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तुमची ती काचनळीतली चाचणी मी नंतर पाहिली. प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, जंतू मिसळून ठेवायचा. हा असेल तर काही तासांत प्लाझ्मा जेलीसारखा गोठतो, नळी आडवी केली तरी वाहत नाही. कातडीवरच्या त्या साध्या भावंडांना हे जमत नाही. एवढ्याशा गोठण्यावर केवढा निर्णय अवलंबून असतो!

जंतूचं नाव कळलं, औषध चालू होतं, दुसऱ्या दिवशी तापही उतरला. आमच्या लेखी निदान झालं होतं. तुमच्या लेखी ते अर्धंच होतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘हा जंतू रक्तात नुसता फिरून थांबत नाही, कुठेतरी जाऊन बसतो. कुठून आला ते सापडलं. कुठे गेला ते शोधायचंय.’ मॅडम, मला आभार मानायचेत ते मुख्यतः या वाक्याचे. ताप उतरलेल्या पेशंटकडे रोज परत येऊन ‘कुठे गेला?’ हा प्रश्न कुणी विचारला नसता, तर आम्ही दोन आठवड्यांच्या औषधावर खुशीने घरी गेलो असतो.

दोन दिवसांनी तुम्ही पुन्हा रक्त मागवलंत. मला कळेना, नाव माहीत असताना परत कशाला? कारण औषध चालू असूनही रक्त साफ झालंय का, ते बघायचं होतं. झालं नव्हतं. जंतू पुन्हा उगवला. छातीवरून करायचा टू-डी एको त्याआधीच झाला होता आणि त्यात काही नाही असं आलं होतं. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, तुम्ही सोडला नाहीत.

ताप आल्यापासून चौथ्या दिवसाची ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते. तुमच्या हातात छोटी टॉर्च होती. तुम्ही बाबांची बोटं एकेक करून उजेडात धरलीत. डाव्या अंगठ्याच्या नखाखाली तांबूस-काळी उभी रेघ होती, लाकडाचं बारीक कुसळ रुतावं तशी. ‘काका, इथे काही लागलं होतं?’ नाही. मग डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्यात. मग पांघरूण बाजूला करून पायाशी आलात, गुडघे टेकून बसलात आणि मोजे काढलेत. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, लालसर जांभळा ठिपका. मसुराएवढा. तुम्ही दाबलात. बाबांना काहीच कळलं नाही. तो दुखत नसल्याची तुम्ही दोनदा खात्री करून घेतलीत. मी त्यांना रोज मोजे घालत होते, काढत होते, आणि मला तो ठिपका दिसला नव्हता.

तळव्यावरच्या अशा न दुखणाऱ्या ठिपक्यांना जेनवेचे डाग म्हणतात आणि बोटांच्या टोकांवर येणाऱ्या दुखऱ्या गाठींना ऑस्लरच्या गाठी, हे तुम्ही तिथेच शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना सांगितलंत. हृदयाच्या झडपेवर जंतूंचा गुच्छ बसला की त्याचे बारीक कण सुटतात आणि रक्ताबरोबर जाऊन टोकाच्या केशिकांत अडकतात. म्हणून हृदयाचा आजार आधी पायाच्या तळव्यावर वाचता येतो. बाबांची झडप आधीपासून थोडी गळते, हे फाईलमध्ये सात वर्षांपूर्वीच्या एका जुन्या कागदावर होतं. तो कागदही तुम्हीच शोधून काढलात.

छातीवरून केलेल्या एकोत लहान गुच्छ सुटू शकतो, म्हणून अन्ननलिकेत नळी घालून एको करायला हवा असं तुम्ही हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलंत. त्यांनी त्याच दुपारी केला. मायट्रल झडपेवर सहा मिलिमीटरचा, हलणारा गुच्छ. इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला, झडपेला झालेला संसर्ग. तो शब्द ऐकून आई खाली बसली. मला मात्र, खरं सांगते, भीतीच्या जोडीने एक आधारही वाटला. चोर कुठल्या खोलीत आहे ते कळलं होतं.

औषधावरून मी तुमच्याशी वाद घातला, त्याबद्दलही लिहायला हवं. सुरुवातीला दोन औषधं चालू होती, त्यांतलं एक व्हँकोमायसिन. कुठल्या औषधाने हा जंतू मरतो ते सांगणारा सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट आला आणि तुम्ही ते बंद करून एकट्या सेफॅझोलिनवर ठेवायला सुचवलंत. आजार मोठा निघाला आणि औषध लहान करताय? मी तुम्हाला हे असंच, चढ्या आवाजात विचारलं. तुम्ही मला तुमच्या खोलीत नेलंत आणि झाकण लावलेली बशी दाखवलीत. जंतूंची पिवळट साय पसरलेली, आणि औषधाच्या चकतीभोवती रुंद, स्वच्छ वर्तुळ, जिथे एकही जंतू उगवला नव्हता. ‘ज्यावर मरतो त्याने मारायचा,’ तुम्ही म्हणालात. या जातीच्या जंतूवर व्हँकोमायसिन सेफॅझोलिनपेक्षा हळू आणि कमी चालतं, शिवाय मूत्रपिंडाला जड. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन बाबांचं तेव्हा आधीच १.९ झालं होतं. जबर औषध म्हणजे चांगलं औषध, ही समजूत माझ्या डोक्यातून त्या बशीने काढली.

त्याच खोलीत तुम्ही मला सूक्ष्मदर्शकाखाली काच लावून दिली होती. जांभळ्या ठिपक्यांचे घोस. स्टॅफिली म्हणजे ग्रीकमध्ये द्राक्षांचा घोस, ऑग्स्टन नावाच्या स्कॉटिश सर्जनने पुवात हे घोस पाहून १८८२ मध्ये त्यांना हे नाव दिलं, आणि ज्या रंगाने ते जांभळे दिसतात ती रीत ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये छापली, हे तुम्ही सांगत होतात. इतक्या जुन्या रीतीने त्या सकाळी अर्ध्या तासात माझ्या वडिलांच्या रक्तातल्या जंतूची पहिली ओळख पटली होती, याचं मला अजून नवल वाटतं.

ताप आल्यापासून सहाव्या दिवसाचं रक्त साफ आलं. सहा आठवडे मोजायचे ते त्या दिवसापासून, पहिल्या इंजेक्शनपासून नव्हे, हे तुम्ही कॅलेंडरवर स्वतः गोल करून दिलंत.

आणि तरीही तुमचं शोधणं थांबलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, कंबर दुखतेय. झोपून झोपून दुखत असेल, असं आम्हीच ठरवून टाकलं. तुम्ही त्यांना कुशीवर वळवलंत आणि माकडहाडापासून वर एकेक मणका बोटाने ठोकत गेलात. एका जागी बाबा कळवळले. एमआरआयमध्ये कमरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत संसर्ग निघाला, पण पू साठलेला नव्हता, मज्जारज्जूवर दाब नव्हता. त्या दिवसापासून तुम्ही रोज त्यांना पाय वर उचलायला लावायचात, आणि मला बजावून ठेवलं होतंत : पायांत ताकद कमी वाटली, बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सांगायचं. तशी वेळ आली नाही. पण नेमकं कशावर लक्ष ठेवायचं ते माहीत असल्यामुळे त्या रात्री मला झोप लागली.

बाबा आता भिंतीचा आधार न घेता चालतात. कमरेला पट्टा लावून अर्धा तास बसतात. आपण स्टेशनाबद्दल काय बोललो ते त्यांना आठवत नाही, पण तुमचा टॉर्च आठवतो.

एक काम आहे. त्या सकाळी सात वाजता मशीन वाजल्यावर ज्यांनी लगेच काच रंगवली आणि तुम्हाला घरी फोन केला, त्या तंत्रज्ञांचं नाव मला कुणी सांगू शकलं नाही. त्यांची रात्रपाळी तेव्हा संपत आली होती. बाटल्या दिवसपाळीवर सोडून ते निघू शकले असते. त्यांना आमचा नमस्कार पोचवा.

पुढच्या महिन्यात आम्ही तपासणीला येऊ. बाबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय, की या वेळी ते बूट घालून येणार नाहीत, पट्ट्याचे सँडल घालतील, म्हणजे तळवा दाखवायला वेळ लागणार नाही.

आपली कृतज्ञ,
बारा नंबरच्या पलंगावरच्या काकांची मुलगी