सीजीपीएचे टक्के कसे करायचे ते एकदाचं ठरवा: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवते. दिवाळी झाली की फायनल इयरची पोरं स्टाफरूमच्या दारात उभी राहायला लागतात, कुणाला एमटेक करायचंय, कुणाला एमबीएसाठी कॅटची प्रवेश परीक्षा द्यायचीय, कुणाच्या डोक्यात जर्मनी आहे, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, मॅडम सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडची दहापैकी सरासरी) सात पॉइंट दोन आहे, चालेल का? मला उत्तर देता येत नाही, कारण सात पॉइंट दोन म्हणजे नक्की किती टक्के हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलंच नाहीये.

६.७५ घ्या. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) तक्त्यात ते ६० टक्के होतात. सरळ दहाने गुणलं तर ६७.५. सीबीएसईचा दहावीसाठीचा जुना ९.५ चा गुणाकार बरीच पोरं अजून वापरतात, त्याने ६४ च्या वर जातात. मुलगा तोच, पेपर तेच. कॅटच्या फॉर्मचा नियम असा की विद्यापीठाची स्वतःची पद्धत असेल तर ती लावा, नसेल तर सीजीपीएला कमाल सीजीपीएने भागून शंभरने गुणा, म्हणजे ज्याच्या विद्यापीठाने काही ठरवलंच नाही त्याचे टक्के जास्त आणि ज्याच्या विद्यापीठाने काटेकोर सूत्र दिलं त्याचे कमी, हे कसं काय चालतं? त्यात काही ठिकाणी ८० मार्कांना ओ हा सगळ्यात वरचा ग्रेड मिळतो तर काही ठिकाणी ९० लागतात.

आणि आता हे जास्त टोचणार आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांची डिग्री करून थेट पीएचडीला जायचं तर ७५ टक्के किंवा तेवढा ग्रेड लागतो. तेवढा म्हणजे केवढा? एआयसीटीईच्या हिशोबाने ८.२५, दहाच्या गुणाकाराने ७.५. या दोन आकड्यांच्या मध्ये आपली किती पोरं बसलीत ते कुलगुरूंना विचारा.

जर्मनीचं तर मी डोळ्यांनी बघितलंय. तिकडे सुधारित बव्हेरियन सूत्र लावतात, त्यात कमाल ग्रेड आणि पास व्हायचा किमान ग्रेड दोन्ही लागतात. ७.० वाल्याचा पासिंग ग्रेड ४ धरला तर तिकडचा ग्रेड २.५ येतो, ५ धरला तर २.८. बऱ्याच मास्टर्स कोर्सेसना २.५ किंवा त्याहून चांगला लागतो (तिकडे आकडा जितका लहान तितका चांगला), म्हणजे सगळं त्या एका पासिंग ग्रेडवर. आमच्या एका विद्यार्थिनीच्या ट्रान्स्क्रिप्टवर तो कुठे छापलेलाच नव्हता. तो लिहून देणाऱ्या पत्रासाठी विद्यापीठात अर्ज केला, वडील स्वतः चकरा मारत राहिले, पत्र आलं तोवर १५ जुलैची डेडलाईन गेली होती. शेतकऱ्याची पोर, घरात पहिली इंजिनिअर. वर्ष गेलं तिचं.

मला याहून जास्त वाईट वाटतं ते अर्जच न करणाऱ्यांचं. कुणीतरी एजंट सांगतो साडेआठच्या खाली अमेरिकेचं नावच काढू नको, आणि पोरगं गप्प बसतं. तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांची किमान अट चारपैकी ३.० ची असते आणि आपले ग्रेड तिकडे बऱ्याचदा विषयवार बदलून धरतात, नुसतं चारने गुणून दहाने भागत नाहीत. हे पुण्यामुंबईच्या पोरांना सिनियर्सकडून कळतं, चोपडा-यावलच्या पोराला कोण सांगणार?

साहेब, यासाठी पैसे लागत नाहीत. राज्यातल्या सगळ्या कुलगुरूंना एकत्र बसवा आणि टक्के काढायचं एकच सूत्र ठरवून घ्या. ते सूत्र, पासिंग ग्रेड आणि त्या बॅचमध्ये कुठल्या ग्रेडला किती टक्के पोरं आहेत हे प्रत्येक मार्कशीटच्या आणि ट्रान्स्क्रिप्टच्या मागे छापायला सांगा. शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण कडक मार्क देणाऱ्या विद्यापीठातला ७ हा वर्गातला वरचा नंबर असू शकतो आणि हे बाहेरच्या कमिटीला दुसरीकडून कळायचा मार्गच नाही. जुन्या बॅचेसना हीच माहिती देणारं पत्र ऑनलाइन, सही-शिक्क्यासकट, आठ दिवसांत मिळू द्या.

पुढच्या उन्हाळी परीक्षेच्या मार्कशीट छापायच्या आत एवढं करा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक प्राध्यापिका, जळगाव जिल्हा