सिस्टर, तुम्ही तिलाच विचारलंत

प्रिय सिस्टर,

डॉक्टरांचे आभार आम्ही डिस्चार्जच्या वेळीच मानले होते. तुमचे राहिले. माझ्या लेकीसारखं बोन मॅरो (हाडांतला रक्त बनवणारा मगज) ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांच्या इतर आईवडिलांनाही वाचता यावं म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितेय.

वॉर्डातून घरी आल्यावर आमच्याकडे सगळं आकड्यांतच चालायचं. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५००च्या वर, प्लेटलेट इतके, ट्रान्सप्लांटनंतरचा शंभरावा दिवस पार. फॉलोअपला तुम्ही मात्र दोन फॉर्म काढलेत, एक आमच्यासाठी आणि एक लेकीसाठी, आणि आम्हाला लांबच्या बाकावर बसवलंत. पेड्सक्यूएलचे, म्हणजे मुलांचं रोजचं जगणं कसं चाललंय ते मोजणाऱ्या प्रश्नावलीचे, ते २३ प्रश्न: पळता येतं का, भीती वाटते का, मुलं खेळायला घेतात का, वर्गात लक्ष लागतं का. पाच वर्षांपासूनची मुलं याची उत्तरं स्वतः देऊ शकतात, हे तेव्हा कळलं.

दोन्ही फॉर्म जुळेनात. आम्ही दुखणं आणि भीती यांवरच खुणा केल्या होत्या. तिला त्याचं फारसं काही नव्हतं. तिची सगळी नाराजी शाळेच्या प्रश्नांपाशी होती. स्टिरॉइडने सुजलेला चेहरा, मधल्या सुट्टीनंतर गळून जाणं, मैत्रिणींचा पुढे सरकलेला अभ्यास. आईबाप बरेचदा मुलापेक्षा वाईट चित्र रंगवतात, असं तुम्ही हसत म्हणालात. (तुमचं हसणं तेव्हा मला आवडलं नव्हतं, तेही सांगून टाकते.)

मग तुम्ही शाळेसाठी पत्र लिहून दिलंत. सुरुवातीला अर्धा दिवस शाळा. ट्रान्सप्लांटनंतर आधीच्या लसींचं संरक्षण ओसरतं, त्या पुन्हा घ्याव्या लागतात आणि गोवरासारख्या जिवंत लसींना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, म्हणून वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला तर त्याच दिवशी कळवा. बाईंना एवढं पुरलं. घाबरून तिला कोपऱ्यात बसवणंही बंद झालं.

पण खरे आभार आहेत ते माझ्या मोठ्या मुलाबद्दल. तिला मॅरो देणारा डोनर तो. सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण, जी डोनरशी जुळावी लागते) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, त्यामुळे जुळलं तेव्हा घरात सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढे तिच्या अंगावर जीव्हीएचडीचं (डोनरच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात तो त्रास) पुरळ उठलं, आणि कुणाच्या तरी बोलण्यातून त्याने ऐकलं की डोनरच्या पेशी तिच्या शरीरावर हल्ला करतायत. तो जेवेनासा झाला. कारण तुम्ही काढून घेतलंत, तेही "आणि तुझं काय चाललंय रे?" एवढंच विचारून. "माझ्या पेशी वाईट आहेत," असं तो म्हणाला. त्या पेशींना नवं शरीर परकं वाटतं, तो त्यांचा स्वभाव, त्यात देणाऱ्याचा दोष नसतो, आणि आज तिचं रक्त त्याच पेशी बनवतायत, हे तुम्ही त्याला कागदावर चित्र काढून समजावलंत. डोनरला फॉलोअप असतो तो रक्ततपासणीपुरता. मनाची विचारपूस कुठल्या फाइलमध्ये बसत नाही, ती तुम्ही केलीत.

आता वर्षाला एकदा यायचं, उंची, थायरॉइड, डोळे, दात बघायला. यंदा ती स्वतःच प्रश्न लिहून आणणार आहे. पहिला माझ्यादेखत विचारणार नाही म्हणते, तेव्हा मला बाहेर बसवा.

तुमची आभारी,
एक आई