‘शेपूट हलवतंय, काही करत नाही’ असं मुलांना सांगू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आमच्या गल्लीत बंद हातगाड्याखाली एक कुत्री पिल्लांना घेऊन बसली होती. पहिलीतला एक मुलगा घुटमळला, तेव्हा शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “जा, हात लाव. शेपूट हलवतेय बघ.” मुलाने हात पुढे केला आणि कुत्रीने तळहात फोडला. शेपूट हलत होतं, हे खरंच. पण ते पोटाशी ओढलेलं होतं, नुसतं टोक हलत होतं. कान मागे पडलेले, अंग आक्रसलेलं, जीभ सारखी ओठांवर फिरत होती. ती घाबरली होती.

मी २९ वर्षं पोस्टमन होतो. मलाही पहिला चावा शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याचाच. शेपूट पाठीच्या वर काठीसारखं ताठ, बारीक थरथरत होतं, बाकी अंग जागच्या जागी थिजलेलं. मी रजिस्टर पत्र काढायला वाकलो आणि त्याने पोटरी धरली. खुशीत असलेलं कुत्रं असं शेपूट हलवत नाही. त्याचं शेपूट सैल, ऐसपैस हलतं आणि त्याबरोबर कंबरही हलते. शेपूट हलणं म्हणजे कुत्र्याच्या मनात खळबळ आहे, एवढंच. ती आनंदाची, भीतीची की रागाची, ते बाकीचं अंग सांगतं.

इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली ३० कुत्री तपासली. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकायचं, अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. रस्त्यावर उभ्या माणसाला हा फरक दिसणं कठीण. त्यापेक्षा शेपूट किती वर आहे आणि अंग सैल आहे का, हे मुलांनाही कळतं.

त्या दिवशी कोणीतरी जखमेवर हळद भरायला निघालं होतं. मी मुलाला नळाखाली धरून पंधरा मिनिटं साबणाने हात धुतला आणि थेट दवाखान्यात नेलं. रक्त आल्यामुळे लसीबरोबर जखमेतही इंजेक्शन द्यावं लागलं.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शाळांमध्ये जाऊन तासभर हे समजावून सांगावं, अशी कळकळीची विनंती आहे. मुलांबरोबर पालकांनाही बसवा.

बुधवारी मुलाची दुसरी सुई झाली. कुत्रीला मात्र आता गल्लीत दगड मारतात. पिल्लांचे डोळेही अजून उघडलेले नाहीत.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, कराड